बाळाचा विचार आहे, मग चालू गोळ्या बंद करू का?

‘मॅडम, चान्स घ्यायच्या आधी सगळ्या गोळ्या बंद करून शरीर साफ करायला हवं ना?’ हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. अनिता (नाव बदललंय) मात्र विचारायला थांबली नव्हती, तिने गोळी बंद करूनच टाकली होती.

वय एकोणतीस, शाळेत शिक्षिका. थायरॉइडची गोळी चार वर्षं चालू. जाऊबाई म्हणाल्या, ‘इंग्लिश औषधं बाळाला बाधतात, आधी सोड.’ दोन महिन्यांत केस गळायला लागले, पाळी पुढे गेली, वर्गात उभं राहवेना. तिला वाटत होतं, शरीर साफ होताना त्रास व्हायचाच. माझ्याकडे ती आली होती ते ‘मला टेन्शन फार येतं’ म्हणून. गोळीचा विषय बोलता बोलता निघाला. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, आला 18. हिमोग्लोबिन 9.8, बाईचं ते निदान 12 तरी हवं.

तिला मी एवढंच समजावलं, की ही गोळी म्हणजे बाहेरून आलेलं काही विष नाही. गळ्यातली ग्रंथी जे संप्रेरक बनवते तेच त्यात असतं. सुरुवातीचे काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं काम करत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हे संप्रेरक आईकडूनच जातं. म्हणून दिवस राहिल्यावर बहुतेक जणींचा डोस उलट वाढवावा लागतो. थायरॉइड आटोक्यात नसेल तर गर्भपाताचा धोकाही वाढतो.

फिट्सची, बीपीची काही औषधं गर्भाला खरंच घातक असतात, हे जाऊबाईंच्या बाजूने सांगायला हवं. पण ती डॉक्टर आधीच बदलून देतात. फिट्सची गोळी मनाने सोडली आणि झटका आला, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

अनिताची गोळी पुन्हा सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्यापाऊण तासाने. लोहाची गोळी दुपारी, कारण दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. हे मात्र तिला सगळ्यात जड गेलं!

फॉलिक ॲसिड तिने ‘दिवस राहिल्यावर’साठी ठेवलं होतं. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत पक्का होतो. तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचा पत्ताही नसतो. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

आणि मिस्टर? ते बाहेर बाकावर बसले होते. आत बोलावलं तर म्हणाले, ‘माझं काय काम?’ खिशात तंबाखूची पुडी. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तंबाखूने त्यांची संख्याही घटते आणि दर्जाही. तेव्हा तयारी त्यांचीही. शिवाय अनिता थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून बाळाकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, वाहक असल्याचं रक्ततपासणीत निघालं, त्यामुळे त्यांचंही रक्त तपासणं भागच होतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, प्रयत्न चालू आहेत.

मधल्या काळात कोणीतरी तिला महागडं ‘डिटॉक्स पॅकेज’ही सुचवलं. ते पैसे मी गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजीवर घालवायला सांगितले.

चार महिन्यांनी टीएसएच 2.1 झाला, हिमोग्लोबिन 11.6. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. गोळी कधी थांबवायची, हे तिने यावेळी विचारलंच नाही. पाळी चुकली तर काय करायचं ते मात्र विचारलं. पुढच्या चेकअपची वाट न बघता त्याच आठवड्यात टीएसएच करून डोस वाढवून घ्यायचा, हे मी तिला तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं.