वहीतलं एक नाव

प्रश्न : मावशी, सलाम. माझा धाकटा भाऊ कावीळ होऊन अवघ्या एकोणीस दिवसांत गेला. वय एक्केचाळीस. मी उपास केले, दवाखान्याच्या जिन्यावर बसून रात्र रात्र प्रार्थना केली. आमच्या महिला मंडळाची एक वही आहे. आजाऱ्यांची नावं मीच तिच्यात लिहिते आणि माणूस बरं झालं की पुढे बरोबरची खूण करते. त्याच्या नावापुढची जागा कोरी राहिली. नवव्या दिवशी चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "घरच्यांचा विश्वास कमी पडला असेल." मी त्यांना चारचौघांत नाही नाही ते बोलले. तेव्हापासून डोळे मिटले की एकच वाक्य येतं, देवा, तू होतास कुठे? येत्या गुरुवारी मंडळात प्रार्थना चालवायची पाळी माझी आहे. हे असं मन घेऊन पुढे उभं राहणं म्हणजे ढोंग नाही का? का जाणंच बंद करू?

उत्तर : ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या जिन्यापाशीच थांबले. आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. त्या बाई जे बोलल्या त्याला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधार नाही. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला नाही.

"देवा, तू होतास कुठे?" हे वाक्य तुमच्या आधी एका बहिणीने म्हटलंय, तेही थेट प्रभूच्या तोंडावर. बेथानीची मार्था. आपण तिला स्वयंपाकघरात कोंडून ठेवलंय. रविवारच्या शब्बाथ शाळेपासून ऐकतो ते एवढंच, की मार्था कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया येशूच्या चरणांशी बसली. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातली मार्था बघा. भाऊ लाजर आजारी आहे असा निरोप या बहिणींनी वेळेवर धाडला होता. निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं. तशात ही बाई उठते, गावाबाहेर चालत जाते आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.

ताई, हे गाऱ्हाणं आहे. आणि मला विचाराल तर हीच प्रार्थना आहे. ज्याच्यावर भरवसा उरलेला नाही त्याला गाठायला कोणी गावाबाहेर जात नाही. येशू तिला पुढे विचारतो, हे तू खरं मानतेस का? पण तुझा विश्वास तोकडा पडला म्हणून लाजर गेला, असं तो म्हणत नाही. बोललीस का म्हणून रागावतही नाही. थोड्या वेळाने मरीया येते, तीही तेच वाक्य म्हणते. मग तो रडतो.

तुम्ही म्हणाल, त्यांचा भाऊ कबरेतून जिवंत उठला, माझा नाही उठला. खरंय. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कोणी घाईघाईने देऊ लागलं तर तुम्ही ऐकू नका. मला धीर येतो तो दुसऱ्याच गोष्टीने. आता थोड्याच वेळात लाजराला उठवायचंय हे ठाऊक असूनही तो रडला. त्या बहिणींचं दुःख त्याने हातावेगळं केलं नाही.

इथे मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील गेले, त्यानंतर या बहीणभावाने पायी देश पालथा घातला. तो भाऊ, श्रीनिवास, १८८० साली तिकडे बंगालमध्ये वारला. तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या, बाप्तिस्मा १८८३ चा. पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. म्हणजे मार्थाचं ते वाक्यही कधीतरी त्यांच्यासमोर आलं असणार. तेव्हा त्यांच्या मनात काय आलं हे आपल्याला कळायची सोय नाही. पण भाऊ गमावलेल्या एका बहिणीने ते वाक्य मराठीत लिहिलं, या विचाराने मी तो अध्याय आता हळू वाचते.

गुरुवारचं म्हणाल तर तुमच्या पाळकबाईंना आजच फोन करा आणि सरळ सांगा, मला सध्या प्रार्थना सुचत नाही. त्यात लाज कसली? पाळी घ्यायचीच असेल तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा आणि खाली बसा. आशेच्या ओळीवर संपणारं ते स्तोत्र नाही, ते अंधाराशी येऊन थांबतं. तरी पहिल्या ओळीत हाक परमेश्वरालाच आहे. ते वाचण्यात ढोंग नाही.

आणि जाणं बंद करू नका. मार्काच्या शुभवर्तमानात तो पक्षाघाती आहे ना, चौघांनी उचलून आणलेला? आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखं छप्पर उकरून त्यांनी त्याला खाटेसकट खाली सोडलं. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. तो खाटेवरचा माणूस तोवर एक शब्द बोललेला नाही. माझी आई गेली तेव्हा चार महिने मी उपासनेत मागच्या बाकावर नुसती बसून असायचे. गीताला तोंडसुद्धा उघडायचे नाही. शेजारच्या बायका गायच्या, ते माझ्या वाटचं होतं. तुम्ही इतकी वर्षं त्या वहीतून दुसऱ्यांच्या खाटा उचलल्यात. आता चौघींना तुमची उचलू द्या.

त्या बाईंचं काय करायचं? बायबलमधल्या, संकटांत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं म्हणतो. चारचौघांत आवाज चढवल्याचं तुम्हाला खुपत असेल तर तेवढ्यापुरती माफी मागा. जे म्हणालात ते मागे घ्यायची गरज नाही. आणि हे आत्ताच करायला हवं असंही नाही, वर्ष लागलं तरी चालेल.

राहिली वही. ती दुसऱ्या कोणाकडे सोपवायची घाई करू नका, आणि त्याच्या नावावर काटही मारू नका. पुढे जागा कोरी आहे ना, तिथे तुमच्या अक्षरात मार्थाचं वाक्य लिहा. गुरुवारी जाताना वही सोबत न्या.

तुमची,
मावशी