मशालीला आठ हजार भोकं कशाला?

प्रश्न : २०१२च्या लंडन ऑलिंपिकची मशाल चाळणीसारखी दिसायची. ती भोकं नुसती नक्षी म्हणून होती का? आणि मशाल तीन बाजूंचीच का?

उत्तर : भोकं ८,०००, कारण मशाल घेऊन धावणारेही ८,०००. तीन बाजूंचा अर्थ असा सांगतात : लंडनमधलं हे तिसरं ऑलिंपिक (आधी १९०८ आणि १९४८), ब्रीदवाक्यात तेव्हा तीन शब्द आणि ऑलिंपिकची मूल्यंही तीन. हा तिनाचा हिशोब थोडा ओढूनताणून बसवल्यासारखा वाटतो. भोकं मात्र खरोखर कामाची. बारा वर्षांची मुलंही धावणार होती, त्यामुळे मशाल हलकी हवी होती. एडवर्ड बार्बर आणि जे ऑस्गर्बी या डिझायनर जोडीने अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आत-बाहेर दोन पत्रे घेतले आणि लेझरने त्यांना भोकं पाडली. उंची ८०० मिलिमीटर, वजन साधारण ८०० ग्रॅम. बर्नरची धग भोकांतून बाहेर पडते, मुठीपर्यंत उतरत नाही. घामेजल्या हातातून मशाल निसटत नाही, हा आणखी एक फायदा.

प्रश्न : वाऱ्यापावसात ती विझत नाही का? विझली तर काडीनेच पेटवत असतील!

उत्तर : विझते. लंडनच्या मशालीची म्युनिकमध्ये वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी झाली होती, तरी २१ मे २०१२ला डेव्हन परगण्यात बर्नर बिघडून एक मशाल विझलीच. इंधन होतं प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. नुसतं ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतं, त्याचा वायू होत नाही आणि ज्योत मलूल पडते. नुसत्या प्रोपेनचा दाब जास्त, म्हणजे डबा जाड आणि मशाल जड.

काडी मात्र चालत नाही. ग्रीसमधल्या ऑलिंपियात अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून पेटवलेली मूळ ज्योत खाणकामगारांच्या कंदिलासारख्या बंद दिव्यांत सोबत नेतात. डेव्हनमध्ये तिच्यावरूनच दुसरी मशाल पेटवली. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये क्रेमलिनमध्ये सोची ऑलिंपिकची मशाल विझली, तेव्हा एका सुरक्षारक्षकाने खिशातला लायटर काढला आणि त्यावरून रशियात बरीच टिंगल झाली.

जाता जाता : धावणारे एकमेकांच्या हाती मशाल देत नाहीत. प्रत्येकाची मशाल वेगळी असते. पुढच्याचा गॅस आधी सुरू करतात, मग दोन्ही मशालींची तोंडं जवळ आणून ज्योत पुढे देतात.