उन्हात रंग जाईल का?

प्रश्न : इचलकरंजीत आमचं कापड रंगवायचं प्रोसेस युनिट आहे. सांडपाण्यात टायटॅनियम डायऑक्साइड टाकून ते उन्हात ठेवलं तर रंग जाईल का?

उत्तर : नुसत्या टायटॅनियाने (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडने) फारसा नाही. त्यातले इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशाची ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे अतिनील किरण. उन्हात ते जेमतेम ५ टक्के. म्हणून २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर भागणाऱ्या कार्बन नायट्राइडची जोड देतात. ते निळा प्रकाश शोषतं, सुटलेले इलेक्ट्रॉन टायटॅनियाकडे सरकतात आणि रंगाचे रेणू तोडणारे क्रियाशील कण तयार होतात. पण प्रयोगशाळेत चाचणीला वापरतात ते मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पातळ पाणी वेगळं, तुमचं मीठ-सोड्याचं गडद पाणी वेगळं. त्यात प्रकाश शिरणार कुठून? पाणी नितळ दिसलं तरी भुलू नका. रंग नुसता पावडरीला चिकटलेला असू शकतो. आधी अंधारात ढवळून बघा, तिथेही रंग उतरला तर तो नुसता चिकटलाय; मग सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) तपासा. तोवर ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) चालूच ठेवा, राव!