आधी आईला खरं सांगा, नीटचं नंतर बघू

सोलापूर जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्स, नीटचे दोन अटेम्प्ट झालेत, दुसऱ्यात ७२० पैकी ३१२. मध्येच आईच्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सी झाली, रिपोर्ट इंग्रजीत, घरात दुसरं कुणी वाचणारं नाही, म्हणून पोरीने रात्रभर मोबाईलवर एकेक शब्द शोधून तो घरच्यांना सांगितला. आता केमोला आईबरोबर जाते तेव्हा शेजारच्या बायकाही आपापल्या फायली तिच्यापुढे धरतात. ती म्हणते मला हेच काम करायचंय, डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करते. वडील म्हणतात तिसरा अटेम्प्ट दे, निदान आईसाठी तरी डॉक्टर हो. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, 'तिसरी स्टेज आहे, रिपोर्टवर ग्रेड ३ आलंय. मिसेसला साधी गाठ आहे असंच सांगितलंय, मुलगी सांभाळून घेते.'

दादा, मार्कांचं नंतर बोलू. मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकून बसलेय.

केमो चालू आहे, केस गेले असतील, शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या आजाराचं नाव घेऊन बोलत असेल आणि तुम्हाला वाटतंय मिसेसना काही कळलेलं नाही? त्यांना कळलंय हो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्या गप्प आहेत. आणि या दोन गप्प माणसांच्या मधे एकोणीस वर्षांची पोर बसलीये, दिवसा आईशी खोटं बोलायचं आणि रात्री फिजिक्स सोडवायचं, वर तुम्ही म्हणता आईसाठी डॉक्टर हो. म्हणजे उद्या नाही झाली तर काय, आईचं तिने वाईट केलं? असलं ओझं घालून कुणी ३१२ चे ६०० केलेले मी तरी पाहिले नाहीत.

आता ते ग्रेड ३. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात तो ग्रेड. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन गोष्टी बघतात, प्रत्येकीला १ ते ३ गुण, बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. स्टेज म्हणजे गाठ किती मोठी, काखेतल्या गाठींपर्यंत गेलीये का, आणखी कुठे पसरलीये का, ते सुईने काढलेल्या एवढ्याशा तुकड्यावरून ठरत नाही, तपासणी, स्कॅन, ऑपरेशन यातून ठरतं. वहिनींची स्टेज कुठली ते मी सांगू शकत नाही, पण तुम्हीही त्या कागदावरून सांगू शकत नाही. कदाचित इतके दिवस तुम्ही सगळे एका चुकलेल्या शब्दाला घाबरून जगताय. डॉक्टरांना सरळ विचारा.

यात पोरीला बोल लावू नका, शिकलेली माणसंही इथे चुकतात. आमच्या सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर 'मार्जिन निगेटिव्ह' वाचून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते आणि ते तर चांगलं असतं, कापलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत असा त्याचा अर्थ. पॉझिटिव्हची तर वेगळीच गंमत, मार्जिन पॉझिटिव्ह आलं तर वाईट पण ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनला दाद देणारी आली, तर तो हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, म्हणजे एक औषध हाताशी वाढलं.

पोरी, आता तुझ्याशी. डीएमएलटी केलं की पेशंटला रिपोर्ट समजावता येतो हा समज डोक्यातून काढ. टेक्निशियनचं काम वेगळं आहे आणि कौशल्याचं आहे, फॉर्मॅलिनमधला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे, ते काचेवर घेऊन जांभळा-गुलाबी रंग द्यायचा, पापुद्रा दुमडला तर वाचणाऱ्याची पंचाईत. पण रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे एमबीबीएस आणि वर तीन वर्षं एमडी, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये हेच सांगितलंय. मजा म्हणजे तो पॅथॉलॉजिस्टसुद्धा पेशंटला सहसा भेटत नाही. रिपोर्ट सांगतो उपचार करणारा डॉक्टर, तोही बाहेर शंभर माणसं ताटकळत असताना. तुला जे काम आवडलंय ते या गर्दीत मागे राहतं, आणि ते लॅबमध्ये नाहीच, ते पेशंटच्या खाटेजवळ आहे.

तिथे जायच्या वाटा: सीईटी देऊन बीएस्सी नर्सिंग आणि पुढे कॅन्सर नर्सिंग. किंवा कुठलीही पदवी घेऊन एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पुढची पदवी, मग हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर. शिवाय परळच्या टाटा मेमोरियलने टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसबरोबर 'केवट' नावाचा कोर्स काढलाय, पदवीनंतरचा, पेशंटला केसपेपरपासून उपचार संपेपर्यंत वाट दाखवणारी माणसं तयार करतात. केवट म्हणजे रामाला नदीपार नेणारा नावाडी, नाव छान शोधलंय. पगार डॉक्टरसारखा नाही, हे आत्ताच ऐकून ठेव. माझं मत विचारशील तर नर्सिंग, कारण बोलण्याची हातोटी तुझ्याकडे आहेच, आजाराचं ज्ञान त्याला जोडलं पाहिजे. तोवर वॉर्डातल्या बायकांना अर्थ सांगू नकोस, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत लिहून दे. तेवढं तू आजही उत्तम करशील.

आणि दादा, तिसरा अटेम्प्ट ती स्वतःहून म्हणाली तर जरूर द्यावा, नीटला वरची वयोमर्यादा नाही, काही पळून जात नाही. पुढच्या केमोच्या तारखेला मात्र फाईल तुम्ही हातात घ्या, डॉक्टरांसमोर मिसेसना तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसवा, त्यांना काय विचारायचंय ते विचारू द्या, आणि पोरीला तेवढा वेळ खाली कॅन्टीनला चहा प्यायला पाठवा.