पुण्याला एकटी जाऊ का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अकरावी सायन्सला आहे, वय सतरा. भौतिकशास्त्र मनापासून आवडतं. पुण्यातल्या विज्ञानसंस्था २८ फेब्रुवारीच्या सुमारास सगळ्यांसाठी खुल्या असतात, असं सरांनी सांगितलं. मला त्या पाहायच्या आहेत. पण आमची कोरडवाहू शेती, यंदा सोयाबीन हातचं गेलं. सोबत कोणी आलं तर खर्च दुप्पट. आई म्हणते, एकटी नको. बाबा म्हणतात, "कॉलेज का पाह्याची गोष्ट हाय? नंबर लागला का जाशीलच न." जाऊ का? आणि कमीत कमी पैशात कशी जाऊ?

उत्तर : जा पोरी. आणि याच वर्षी जा. पुढच्या फेब्रुवारीत तू बारावीच्या बोर्डाला बसलेली असशील, तेव्हा पुण्याचं नावही काढता येणार नाही. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. हुशार मुली जूनमध्ये सायबर कॅफेत बसून, न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या कॉलेजांची नावं ऑप्शन फॉर्ममध्ये भरताना मी पाहिल्या आहेत. नंबर लागल्यावर वसतिगृह कसं, मेस कशी, हे कळतं आणि काहीजणी दिवाळीला घरी येतात त्या परत जातच नाहीत. बाबांना हे सांग. नंबर लागल्यावर पाहायला गेलं तर फी भरून झालेली असते.

सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणाम जाहीर केला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. त्याच्या आगेमागे पुण्यात आयुका (खगोलशास्त्राची संस्था), एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (बारावीनंतर विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था) आपली दारं उघडतात. प्रत्येकाचा दिवस आणि वेळ दरवर्षी संस्थेच्या वेबसाइटवर येते, कुठे आधी नाव नोंदवावं लागतं. ते बघूनच तिकीट काढ. आयुका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे, म्हणजे विद्यापीठही पाहून होईल. एनसीएल आणि आयसर दोन्ही पाषाणला, एकाच होमी भाभा रस्त्यावर. तिन्हींच्या मागे धावू नकोस. बारावीनंतर जिथे शिकता येईल ते आयसर सकाळी, मग वेळ उरला तर आयुका.

पण आधी आईसाठी एक काम कर. एकदा एकटी अमरावतीला जाऊन ये. शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था बघ. १९२३ सालची, जुनी माणसं अजून व्हीएमव्हीच, म्हणजे विदर्भ महाविद्यालयच, म्हणतात. सकाळच्या एसटीने जा, ऑफिसात बी.एस्सी.ची चौकशी कर, अंधाराच्या आत घरी ये. घरच्यांची भीती बोलून जात नाही, पोरगी वेळेवर परत आलेली दिसली की जाते. शिवाय पुण्याचं जमलं नाही तर हा पर्याय तुझ्या डोळ्यांखालून गेलेला असेल, आणि तो हलका पर्याय नाही.

आता पैशांचं. मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, साध्या गाडीपासून शिवशाहीपर्यंत, म्हणून अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनपर्यंतचा खर्च किरकोळ. तिथून रेल्वे. ट्रॅव्हल्सच्या भानगडीत पडू नकोस, सुट्ट्यांच्या दिवसांत तिचे दर वाटेल तसे चढतात. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेऱ्याला थांबते आणि अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड करत पुण्याला नेते. पुण्याला जाणाऱ्या आणखीही गाड्या आहेत. स्लीपरचं तिकीट काढताना कोट्याच्या जागी 'लेडीज' निवड. एकट्या जाणाऱ्या बायकांसाठी काही बर्थ राखीव असतात, हे आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नसतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं एकाच बैठकीत काढ.

जातानाची रात्र गाडीत, येतानाची रात्र गाडीत, मध्ये पुण्यात एक दिवस. म्हणजे राहण्याचा खर्चच नाही. लॉजचा विचारही करू नकोस, अठराच्या आतल्या एकट्या मुलीला बहुतेक ठिकाणी खोली देत नाहीत, आणि तेच बरं. गाडी पहाटे अंधारात पोहोचली तर बाहेर पडू नकोस. बायकांच्या वेटिंग रूममध्ये तोंड धू, वेणी घाल, उजाडू दे. बॅग क्लोकरूममध्ये ठेवता येते, पण तिला कुलूप लागतं. कुलूप नसलं तर घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप नेरहूनच घेऊन जा. आधार कार्ड मूळ प्रत. घरून दशम्या आणि जवसाची चटणी ने, दोन दिवस टिकते. शहरात पीएमपीएमएलच्या बसचा दिवसभराचा पास काढ.

एका ठिकाणी मात्र पैसा वाचवू नकोस. परतीच्या गाडीला जाताना अंधार पडला असेल तर सरळ रिक्षा कर, आणि तिचा नंबर बाबांना पाठव. तेवढे पैसे वेगळ्या कप्प्यात ठेव आणि त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नकोस. रेल्वेत काही झालं तर १३९, बाहेर ११२. तुमच्या भागातलं कोणी ना कोणी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत असतंच. त्यातल्या एखाद्या ताईचा नंबर आईजवळ देऊन ठेव. गाडी चुकली तर तिच्याकडे जायचं.

तिथे गेल्यावर काय पाहायचं? प्रयोग तर पाहशीलच, तुझे डोळे तिथे आपोआप जातील. पण माझी एक विद्यार्थिनी अशाच खुल्या दिवशी गेली होती, दारव्ह्याकडची, मराठी माध्यमाची. लेझरच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या संशोधक मुलीला तिने विचारलं, "इथे मराठी शाळेतून आलेलं कोणी आहे का?" त्या मुलीने प्रयोग दुसऱ्याच्या हाती दिला आणि आतून परभणीकडच्या एकीला बोलावून आणलं. दोघी जिन्यावर बसल्या. पहिल्या सत्रात इंग्रजी लेक्चर किती कळलं, नापास झालीस का, कोणाला विचारायचीस, रडायचीस का, सगळं तिने विचारून घेतलं. वहीची दोन पानं भरून आणली. ती पानं मी वाचली आहेत, कुठल्याही माहितीपत्रकात त्यातलं अक्षर सापडायचं नाही.

तूही अशी एक मुलगी शोध. तिला विचार, मेसचे महिन्याला किती जातात, रविवारी रात्री जेवण असतं का, वसतिगृहात पहिल्या वर्षी सगळ्यांना जागा मिळते का. आयसरचा प्रवेश आयएटी या वेगळ्या परीक्षेतून होतो, त्या परीक्षेची तयारी तिने शिकवणीशिवाय कशी केली, हेही. आणि ऑफिस उघडं असेल तर शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन तुमचं उत्पन्न सांगून स्पष्ट विचार. राज्याची मुलींची शुल्कमाफी ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, केंद्राच्या संस्थेचे नियम वेगळे, विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आणखी वेगळी. ऐकलेलं तिथल्या तिथे लिहून घे, कारण बाबा आकड्यांवरच विचार करतील, आणि त्यांनी तसाच करायला हवा. खुला दिवस रविवारी आला तर ऑफिस बंद असेल, मग एक दिवस आधी पोहोचण्यापेक्षा तिथला फोन नंबर घेऊन सोमवारी घरून विचार.

बाबांना सोबत यायचंच असेल तर बडनेऱ्यापर्यंत येऊ देत. डब्यात बसवून देतील, आजूबाजूला कोण आहे ते बघतील, आणि परतीच्या दिवशी तिथेच घ्यायला येतील.