‘सगळी कार्टमध्ये टाका’ म्हटलं, मग तेवीस गेली कुठे?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. वाचक मागतील ती पुस्तकं मी वर्षभर एका ऑनलाइन पुस्तकविक्रेत्याकडे विशलिस्टमध्ये टाकत गेले. 74 झाली. 31 मार्चच्या आत खरेदी दाखवायची म्हणून ‘सगळी कार्टमध्ये टाका’ हे बटण दाबलं, तर कार्टात 51च! राहिलेली शोधण्यात संध्याकाळ गेली. आणि बिलावर जीएसटी दिसत नाही म्हणून आमचे चिटणीस कुरकुरताहेत.
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, गेल्या गणपतीत मीही असाच घाईने अंगठा मारला होता. दिव्यांच्या माळा, मखराचा पुठ्ठा, दीड वर्ष साठवलेलं सगळं एका दमात कार्टात. पैसे भरल्यावर पाहतो तर कधीतरी ठेवून दिलेल्या कुकरच्या दोन रिंगाही आल्या होत्या. पाच लिटरच्या. आमचा कुकर तीन लिटरचा. बायकोने त्या अजून फ्रिजवर टांगून ठेवल्या आहेत, मला दिसतील अशा.

तुमची 23 हरवलेली नाहीत, अडलेली आहेत. जे पुस्तक संपलंय ते कार्टात जात नाही. ज्याला साधी बांधणी की पुठ्ठा बांधणी असा पर्याय निवडावा लागतो, तेही जात नाही, कारण तुमच्या वतीने बटण कसं ठरवणार? अशा वेळी सहसा पानाच्या वरच्या बाजूला एक पट्टी येते आणि काय अडलं ते सांगते. आपण मात्र कार्टाचा आकडा बघायला धावतो आणि पट्टी वाचायची राहते.

आता शोधाशोध वाचवणारी गोष्ट. मॅजेंटो नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या दुकानांत हे बटण मुळातच असतं, आणि तिथे कार्टात गेलेलं पुस्तक सहसा विशलिस्टमधून निघून जातं. म्हणजे विशलिस्टमध्ये जी उरली, तीच तुमची 23! काही दुकानांत मात्र यादी जशीच्या तशी राहते. तेव्हा आधी विशलिस्टचा आकडा बघा. तो 23 असेल तर एकेक उघडून बांधणी निवडा, संपलेली बाजूला काढा. 74च असेल तर मात्र दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून टिकमार्क करण्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. वूकॉमर्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवरच्या दुकानांत विशलिस्टच वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, लावून आणलेली असते, त्यामुळे हे बटण असेलच असं नाही.

खरं सांगू? 74 पुस्तकांसाठी मी विशलिस्टच्या भरवशावर राहिलो नसतो. एक्सेलमध्ये नाव, लेखक, प्रकाशक, प्रती आणि आयएसबीएन, म्हणजे त्या-त्या आवृत्तीचा तेरा आकडी ओळखक्रमांक, लिहून विक्रेत्याला ईमेल केला असता आणि वाचनालयाची सवलत विचारली असती. एकाच कादंबरीच्या तीन आवृत्त्या बाजारात असतात. आयएसबीएन दिला की नको ती आवृत्ती गळ्यात पडत नाही.

पैसे भरताना प्रत्येक ओळीची किंमत पुन्हा पाहा. जूनमध्ये विशलिस्टला टाकलेल्या पुस्तकाची किंमत मार्चमध्ये तीच राहील याची हमी नाही. आणि खाली ‘दहा रुपये देणगी’ असं आधीच टिक केलेलं असेल तर काढा. ग्राहकाला न विचारता कार्टात असं काही घुसवणं केंद्राच्या 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’ (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे. ऑडिटरसमोर देणगीचे ते दहा रुपये समजावत बसण्याची वेळ तुमच्यावर यायला नको.

चिटणीससाहेबांना सांगा, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. म्हणून विक्रेता टॅक्स इन्व्हॉइसऐवजी ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर न लावलेलं बिल, देतो, ते बरोबरच आहे. फक्त ते वाचनालयाच्या नावाने आहे ना, तेवढं पाहा. तुमच्या स्वतःच्या खात्यावरून ऑर्डर दिली असेल तर त्यावर तुमचंच नाव छापून येईल.