चाकणचे ९५ हजार आणि बावड्यातली शिलाई मशीन

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ११ वर्षं झाली, सध्या क्वालिटी विभागात आहेत. हातात ४६,००० येतात. पत्नी घरीच ब्लाउज शिवतात, आरी वर्क (आकड्याच्या सुईचं भरतकाम) करतात. दोरा, अस्तर, खडे वजा जाता त्यांना महिन्याला १४,००० सुटतात. मुलगी तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळेत. आई ६६ वर्षांच्या. राहतं घर आणि १८ गुंठे ऊस त्यांच्या नावावर. आता चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीने ११ लाख ४० हजारांचं पॅकेज देऊ केलं आहे. ते लिहितात : "महिन्याला ९५ हजार म्हणजे पगार दुप्पट. मित्र, मेहुणे सगळे म्हणतात, विचार कसला करतोस, जा. आई म्हणते मी बावडा सोडणार नाही. बायको गप्प आहे. जाऊ का? आणि जायचंच तर शेत विकून चाकणजवळ मोशीत फ्लॅट घेऊ का?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही खर्चाचा तक्ता आणि ऑफरमधली पगाराची फोड दोन्ही पाठवलीत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागणार नाही. आधी ते ९५ हजार पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

११,४०,००० भागिले १२ बरोबर ९५,०००, हे खरं. पण एवढी रक्कम तुमच्या खात्यात कधीच जमा होणार नाही. यातले १,१४,००० 'व्हेरिएबल' आहेत, म्हणजे वर्ष संपल्यावर, तुमची आणि कंपनीची कामगिरी पाहून मिळणारे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ६८,४००, ग्रॅच्युइटीची तरतूद २७,४०० आणि गट विमा १२,००० हेही त्याच आकड्यात धरले आहेत. हे सगळं काढलं की महिन्याचा ढोबळ पगार सुमारे ७६,५०० होतो. त्यातून तुमचा पीएफ ५,७०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ७०,६०० येतात. प्राप्तिकराची काळजी नको. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, व्हेरिएबल धरूनही तुम्ही त्याच्या आत आहात.

आता या ७०,६०० ची तुलना कशाशी करायची? तुम्ही ४६,००० शी केलीत. मी ती ६०,००० शी करतो. पत्नीचे १४,००० तुमच्या हिशेबाच्या तक्त्यात कुठेही नाहीत, फक्त पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आहेत. ते का गळले असावेत याचा घरी बसून विचार करा. बावड्यात त्यांची कायमची ६० गिऱ्हाइकं आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. ही गिऱ्हाइकं टेम्पोत घालून मोशीला नेता येत नाहीत. मशीन नेता येईल, हातातली कला नेता येईल, पण माप आणि बसती माहीत असलेल्या बायका बावड्यातच राहणार. त्या गप्प आहेत याचं एक कारण हेही असू शकतं.

आज घरखर्च ३८,०००, शिल्लक २२,०००. सगळे मोशीला गेलात तर काय होईल ते तुमच्याच आकड्यांनी मांडतो. शाळेची फी आणि आईंचा खर्च बाजूला ठेवला तर सध्या तुम्हा तिघांना २७,५०० लागतात. गावाकडून येणारा तांदूळ-गूळ आणि शेजारच्या गोठ्यातलं दूध बंद होणार, भाजी महाग होणार, पेट्रोल वाढणार. त्यासाठी ४,००० जास्त धरा. तुम्ही पाहिलेल्या फ्लॅटचं भाडं २०,००० आणि मेंटेनन्स २,५००. मुलीची नवी शाळा ८५,००० आणि बसचे २४,०००, म्हणजे महिन्याला ९,१००. आई बावड्यात एकट्या राहणार तर सोबतीला आणि वरकामाला बाई हवी. औषधपाणी धरून ११,०००. महिन्याला एकदा कोल्हापूरची खेप ३,५००. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागेल. बेरीज ७७,६००.

हातात येणार ७०,६००. म्हणजे महिन्याला २२,००० मागे टाकणारं घर ७,००० ने तुटीत जाईल.

याला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सध्याची कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापते, त्यामुळे तुमचे आणि कंपनीचे मिळून ३,६००च जमा होतात. नव्या ठिकाणी ११,४०० होतील. ती तुमचीच बचत आहे. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर ते महिन्याला ९,५०० पडतं. हे दोन्ही धरले तर चाकणची एकूण बचत १३,९०० होते. पण तोच न्याय इकडे लावला, २४,००० चा दिवाळी बोनस आणि पीएफ धरला, तर आजची एकूण बचत २७,६०० आहे. पगार वाढूनही घराची बचत निम्म्यावर येते. व्हेरिएबल बुडालं तर त्याहून खाली.

मग नोकरी नाकारायची का? नाही. माझं मत आहे की नोकरी घ्या. बिऱ्हाड मात्र या वर्षी हलवू नका.

नोकरी घ्यायची ती पहिल्या पगारासाठी नव्हे. तुम्ही लिहिता की गेली चार वर्षं पगारवाढ महिन्याला सरासरी २,५०० ची झाली आणि तुमच्या वरची खुर्ची मालकांच्या पुतण्याने अडवली आहे. चाकणच्या पट्ट्यात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणारे असंख्य लहानमोठे कारखाने त्यांच्याभोवती आहेत. तिथे तीन वर्षं क्वालिटीचं काम केलेल्या माणसाला दुसरी नोकरी शोधताना घर, शाळा, गाव काहीच बदलावं लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावलाही कारखाने भरपूर, पण तुमच्या पायरीच्या वरच्या जागा तिथे मोजक्याच. मोठ्या शहराचा खरा फायदा दुसऱ्या आणि तिसऱ्या नोकरीत असतो, आणि ३६ व्या वर्षी त्या दोन्ही नोकऱ्या तुमच्यापुढे आहेत. ४६ व्या वर्षी हे पत्र आलं असतं तर मी असं लिहिलं नसतं.

एकट्याने जाण्याचा हिशेब असा. दोघांत खोली ७,०००, मेस ५,०००, पेट्रोल २,५००, महिन्यातून दोनदा कोल्हापूर २,५००, किरकोळ २,५००. तुमचे तिकडचे १९,५०० झाले. बावड्याचा खर्च तुमचं जेवणखाण वजा जाता ३३,०००. दोन्ही चुलींचे मिळून ५२,५००, आणि दोघांची मिळकत ८४,६००. शिल्लक ३२,१००, शिवाय वाढलेला पीएफ. ऑगस्टमध्ये रुजू झालात तर एप्रिलअखेर नऊ महिन्यांत २ लाख ८९ हजार बाजूला पडतात. तुमच्याकडची ३ लाखांची एफडी त्यात मिळवली तर मोशीच्या संसाराची सात महिन्यांची बेगमी होते. मग नोकरीत काही बिनसलं तरी घाबरून परत पळावं लागणार नाही.

हे लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. माझे वडील गिरणीत होते. ते लालबागच्या खोलीत, जेवण खाणावळीत आणि आम्ही सातारा जिल्ह्यात आईजवळ. 'घर मिळालं की नेतो' असं ते म्हणत राहिले. १९८२ चा संप झाला आणि ते कायमचे गावी परतले, तेव्हा मी दहावीत होतो. वडील मला मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींतूनच जास्त माहीत होते. पैसे वाचले होते, नाही असं नाही. पण ते दिवस मला आजही कशात मांडता येत नाहीत. म्हणून एकट्याने जायचं असेल तर मुदत घालून जा : ३० एप्रिल. ती तारीख पत्नीला आणि मुलीला सांगा, भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करा. त्या दिवशी एकतर बिऱ्हाड हलेल किंवा तुम्ही परत याल. "अजून सहा महिने बघू" हा तिसरा पर्याय ठेवू नका.

एप्रिलमध्ये बिऱ्हाड हलवणं परवडायचं असेल तर मधल्या काळात तीन आकडे बदलले पाहिजेत. पहिला शाळेचा. सेमी-इंग्रजीत चांगली चाललेली तिसरीतली मुलगी ८५,००० च्या शाळेतच घालायला हवी, हे मला अजिबात पटत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या अनुदानित शाळा आहेत. स्वतः जाऊन वर्ग बघा, शिक्षकांशी बोला. महिन्याला ५,००० सहज वाचतील. दुसरा भाड्याचा. हमरस्त्यापासून आत, जुन्या इमारतीत १५,००० पर्यंत घर शोधा; एकटे राहत असताना तुम्हाला गल्ल्या कळतील, पुणे-नाशिक रस्त्यावर सकाळी किती वेळ अडकायला होतं तेही कळेल. करार ११ महिन्यांचाच करायला हवा असं नाही. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत होऊ शकतो. ३६ महिन्यांचा मागा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या आणि नोंदणी करून घ्या. मूल शाळेत असताना दर अकरा महिन्यांनी घर सोडायची टांगती तलवार नको.

तिसरा आकडा पत्नीच्या कमाईचा. मोशीत पहिल्या वर्षी १४,००० होणार नाहीत, ८,००० धरू. हे तिन्ही जमले तर ७,००० ची तूट जाऊन ११,००० शिल्लक राहते. पीएफ आणि व्हेरिएबल धरून एकूण बचत ३१,९००, म्हणजे आजच्या २७,६०० पेक्षा थोडी जास्त. त्यांची कमाई शून्य राहिली तर मात्र ती २३,९०० वर येते. सगळा निर्णय या एका आकड्यावर फिरतो आहे.

ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीशी एकदा बोला. गेल्या दोन वर्षांत तुमच्या पायरीच्या लोकांना व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं ते थेट विचारा, आणि त्यातला निम्मा भाग निश्चित पगारात घालायला सांगा. स्थलांतराचा खर्च मागा. मागायला लाजू नका, या कंपन्यांना त्याची सवय असते. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत शिरोलीत राजीनामा द्यायचा नाही.

सोडताना ग्रॅच्युइटी मिळेल. तुमचं मूळ वेतन २४,००० आणि ११ वर्षं. १५ भागिले २६ च्या सूत्राने, म्हणजे महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, सुमारे १ लाख ५२ हजार होतात. हे पैसे हातात आले की टीव्ही बदलावासा वाटेल. पण अनामत ६०,०००, दलाली २०,०००, टेम्पो आणि बांधाबांध २५,०००, शाळेचा प्रवेश ३०,०००, पंखे-पडदे-शेगडी २०,००० मिळून १ लाख ५५ हजार होतात. ग्रॅच्युइटी त्यासाठीच वेगळी ठेवा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) नव्या खात्यात वर्ग करा.

आईंसाठी वेगळा आरोग्य विमा आजच घ्या. नव्या कंपनीच्या गट विम्यात त्या नाहीत, आणि तो विमा तसाही नोकरीबरोबर जातो. त्यांना रक्तदाब आहे. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ही वर्षं जितक्या लवकर मोजायला लागतील तितकं बरं. रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा.

आता शेत. विकू नका. मोशीचा ६२ लाखांचा फ्लॅट तुम्ही पाहिलात. ५० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ४३,४०० बसतो, आणि तसल्याच घराचं भाडं आज २०,००० आहे. हातात ७०,६०० असताना ४३,४०० चा हप्ता म्हणजे एकही महिना पगार चुकायला जागा नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. घरातला शेवटचा सातबारा गेला तर पुढे परत गुंठाभर घ्यायचं म्हटलं तरी कागदोपत्री झगडावं लागेल. आणि ती जमीन आईंची आहे. हा प्रश्न त्यांना विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

कंपनीला उत्तर द्यायला तुमच्याकडे दहा दिवस आहेत. मधल्या रविवारी पत्नीला सोबत घेऊन मोशीला जा. फ्लॅट बघायला नको, तो नंतर होईल. तिथल्या दोन-तीन ब्लाउजवाल्यांच्या दुकानांत त्यांना एकट्यांना जाऊ द्या. साधी शिलाई किती, अस्तराची किती, आरी वर्कला काय दर, काम बाहेर शिवायला देतात का, हे त्यांनाच विचारू दे. परतीच्या गाडीत आधी त्यांचं ऐका आणि त्यांनी सांगितलेले दर मला कळवा. तक्त्यातली ती रिकामी ओळ मी भरून पाठवतो.